दिवेलागणीचे दोन तास

घरोघरी भेटी देण्याचे काम धर्मगुरूला बहुधा संध्याकाळीच करावे लागते. सकाळी घराला कुलूप असते. दुपारी असते ते एखादे म्हातारे माणूस आणि अंगणातले कुत्रे. माणसे घरी सापडतात ती सहानंतर. म्हणून गेली काही वर्षे आपल्या बेळगाव-खानापूर भागातील घरे मी पाहत आलो ती दिवेलागणीच्या वेळी, आणि त्या वेळी घर जसे असते तसे ते दुसऱ्या कोणत्याही वेळी नसते. आई नुकतीच कामावरून आलेली असते. पायातली चप्पल निघते न निघते तोच तिचा हात कुकरकडे गेलेला असतो. धाकटे तिच्या पायाला बिलगून रडत असते. थोरले वहीवर डोके ठेवून पेंगत असते. बाप आला असेल तर खुर्चीवर मोबाईल घेऊन बसलेला असतो, आणि अशा वेळी दारात फादर उभे राहिले की सगळ्यांचीच पंचाईत होते. ‘या की ओ फादर, बसा’ म्हणत ती बिचारी कुकर बाजूला सारून चहाचे आधण ठेवते. तेव्हा पहिली विनंती माझ्यापुरतीच: संध्याकाळच्या भेटीत माझ्यासाठी चहा ठेवू नये.

ज्याने संसार केला नाही त्याने संसारी माणसांना शिकवू नये, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण संसारी माणसाला एकच घर दिसते, मला आठवड्याला दहा-बारा दिसतात. शिवाय हे पान शेती आणि आरोग्याचे आहे, आणि लहान मुलांच्या आरोग्याचे बरेचसे प्रश्न दवाखान्यात नव्हे, तर याच दोन तासांत तयार होतात असे माझे मत बनले आहे.

पूर्वीच्या आया घरी बसून होत्या असे कोणी समजू नये. त्या शेतात होत्या, रताळ्यांच्या सरीवर होत्या, भात लावणीला चिखलात होत्या. फरक इतकाच की घरात आणखी दोन-तीन बायका असत आणि मुलांना वेळेवर घास मिळे. आज आई उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात पॅकिंगला असते, इस्पितळात परिचारिका असते, शिवणकामाला, शाळेत किंवा बँकेत असते. गावाकडची अजूनही शेतातच असते. बस मिळून घरी पोचेपर्यंत सहा-साडेसहा होतात. तीन वर्षांचे पोर साडेआठ-नऊला झोपायला हवे. मधल्या दोन-अडीच तासांत स्वयंपाक, जेवण, आंघोळ, शाळेचा अभ्यास, तेर्स, भांडी आणि उद्याच्या डब्याची तयारी एवढे सगळे बसवायचे. हे गणित बसत नाही. बसत नसलेले गणित बाईवर ओरडून बसणार नाही. त्यातले आकडेच बदलले पाहिजेत.

पहिला आकडा पाच वाजताचा. मूल शाळेतून किंवा अंगणवाडीतून येते तेव्हा त्याला कडकडून भूक लागलेली असते. त्या वेळी त्याला काय मिळते? बशीभर चहा आणि बिस्किटे. आजी प्रेमाने देते, पोर मिटक्या मारत खाते, आणि आईला वाटते की पोराचे खाणे झाले. पण बिस्किट म्हणजे मुख्यतः मैदा, साखर आणि तेल. त्याने पोट भरल्यासारखे वाटते आणि तासाभरात पुन्हा रिकामे होते. हे पोर सात वाजता आईच्या पायाशी रडते ते हट्टाने नव्हे. मग त्याला गप्प करण्यासाठी आणखी दोन बिस्किटे किंवा पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट हाती देतात. आठ वाजता ताट समोर येते तेव्हा ते तोंड फिरवते, आणि आई म्हणते, ‘पोरगं जेवतच नाही बघा फादर.’ कसे जेवेल? त्याचे जेवण साडेसातला पाकिटातून झालेले आहे.

चहाविषयी थोडे अधिक सांगतो, कारण आपल्याकडे दीड-दोन वर्षांच्या पोरालाही चहात बुडवून बिस्किट देण्याची चाल आहे. चहात जे तुरट द्रव्य असते ते अन्नातील लोह शरीरात शोषू देत नाही. आणि आपली मुले लोहाच्या बाबतीत आधीच दरिद्री आहेत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. म्हणजे अंगणवाडीत तीन मुले शेजारी बसली तर त्यांपैकी दोघांचे रक्त कमी. असे पोर लवकर दमते, चिडचिडे होते, त्याचे अभ्यासात लक्ष लागत नाही, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. चहा मोठ्यांनी खुशाल प्यावा, पण जेवणाला लागून नको. लहान मुलांना तो देऊच नये.

मग पाच वाजता काय द्यावे? जे घरात आहे तेच. सप्टेंबरपासून पुढे काही महिने आपल्या तालुक्यात रताळ्यांचे ढीग पडतात. चांगली रताळी गाडीत भरून परगावी जातात आणि ती पिकवणाऱ्याचे पोर बिस्किट खाते, ही गोष्ट मला आजवर समजलेली नाही. दोन रताळी सकाळच्या कुकरच्या वरच्या डब्यात उकडून ठेवली तर संध्याकाळचे काम झाले. केळे आहे. उकडलेले अंडे आहे. दहीपोहे आहेत. नाचणीची आंबील किंवा दुधातली नाचणी आहे. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ ही उत्तम जोडी आहे, पण चार-पाच वर्षांखालील पोराला अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे कधीही देऊ नका. ते श्वासनळीत अडकतात, आणि तशी वेळ आली तर इस्पितळ गाठण्याइतकी सवड मिळतेच असे नाही. कुटून, लाडू करून द्यावे. आजीबाईंना माझे सांगणे एवढेच की पाचच्या खाण्याची सत्ता तुमच्या हाती आहे. ती बिस्किटाच्या पुड्याला देऊन टाकू नका. पाचला असे काहीतरी पोटात गेले की मूल साडेसातपर्यंत शांत राहते आणि साडेसातला त्याला खरी भूक लागते. मधल्या वेळात फक्त पाणी.

दुसरा आकडा स्वयंपाकाचा. आपल्या घरांतून कामाच्या दिवशीही रात्रीच्या जेवणाला भाकरी, भाजी, आमटी, भात आणि वर काहीतरी तोंडी लावायला असा थाट अपेक्षित असतो. ज्या बाईने दिवसभर दुसरे काम केले आहे तिच्याकडून हा थाट मागणे मला योग्य वाटत नाही. रविवारचे ताट सोमवारी कशाला? मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, तिच्यात मूठभर चिरलेला पाला, वर तुपाचा थेंब, सोबत लिंबू आणि काकडीची कोशिंबीर हे पूर्ण जेवण आहे. डाळ आणि तांदूळ एकत्र आले की एकाची उणीव दुसरे भरून काढते आणि प्रथिने पूर्ण होतात. आणि पालेभाजीतले लोह अंगी लागण्यासाठी लिंबाची मदत होते, म्हणून ते ताटात हवेच. तीच गोष्ट आमटी-भात आणि अंड्याची. तीच मोडाच्या मुगाच्या उसळीची. बाजारची मासळी आली त्या दिवशी मासळीची कढी आणि भात, बस्स. पुरुषमंडळींना भाकरीवाचून जेवल्यासारखे वाटत नसेल तर त्यांनी ती थापायला शिकावी. अवघड आहे, पण अशक्य नाही. आमच्या सेमिनरीत केरळच्या मुलांनीही ती शिकलेली मी पाहिली आहे.

तयारीबद्दल काही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत, कारण सकाळीच सगळे शिजवून ठेवावे असा सोपा उपाय पुष्कळजणी करतात आणि तो सगळ्याच पदार्थांना चालत नाही. भाताचेच पाहा. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजे असू शकतात. भात शिजवताना जंतू मरतो, पण बीजे टिकून राहतात. शिजलेला भात पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवला की त्या उबेत ती रुजतात आणि विष तयार करतात. हे विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही, ही लक्षात ठेवण्याची गोष्ट आहे. सकाळचा भात संध्याकाळी फोडणी घालून दिला आणि रात्री पोराला उलट्या सुरू झाल्या की आपण दृष्ट काढतो. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी भात परातीत पसरून लवकर निववावा आणि तासाभरात आत ठेवावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी सकाळी फक्त निवडणे, चिरणे, वाटणे, मोजून ठेवणे एवढेच करावे. शिजवणे संध्याकाळी. आमटीलाही हेच लागू आहे. खरे तर कुकरला वीस मिनिटे लागतात. वेळ जातो तो शिजण्यात नव्हे, आज काय करायचे याचा विचार करण्यात आणि तांदूळ निवडण्यात. तो विचार रविवारी दुपारी एकदाच करून ठेवला तर आठवडाभर डोके मोकळे राहील. डाळ निवडून डब्यात भरलेली असावी. जो कोणी घरी आधी पोचेल त्याने ती पाण्यात टाकावी. तूरडाळीला अर्धा तास भिजवण पुरते, मुगडाळीला त्याहून कमी, आणि गॅसही वाचतो. चपातीची कणीक मळून, बंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवता येते. ज्वारीच्या पिठाचे तसे होत नाही. ते ऐनवेळीच मळावे लागते, नाहीतर भाकरी तुटते.

आणखी एक लहानशी युक्ती, जी मी एका परिचारिका भगिनीच्या घरी पाहिली आणि तेव्हापासून सर्वांना सांगत असतो. आमटी किंवा भाजीत तिखट घालण्यापूर्वी मुलांचा वाटा वाटीत काढून घ्यायचा आणि मग बाकीच्यात तिखट घालायचे. त्यामुळे मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, आणि मुलांना कळते की आपण मोठ्यांचेच अन्न खातो आहोत. पुष्कळ घरांत मुलाला तिखट नको म्हणून नूडल्स उकळून देतात आणि मग दोन चुली सांभाळत बसतात.

आता तिसरा आकडा, आणि इथे काही बंधूंना राग येईल. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर माणसांच्या वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया रोज घरकाम करतात असे तीत दिसले, आणि पुरुषांपैकी २६.१ टक्के. जे घरकाम करतात त्यांतही स्त्रीचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषाचा ९७ मिनिटे. म्हणजे चारांपैकी जवळजवळ तीन पुरुष त्या दिवशी घरातल्या कामाला हात लावत नाहीत. आपल्या धर्मग्रामात हे प्रमाण काही वेगळे असेल असे मला घरभेटींत तरी जाणवलेले नाही.

मला याचे उत्तरही ठाऊक आहे, कारण ते मला पुष्कळदा ऐकावे लागते. ‘फादर, दिवसभर भट्टीपुढे उभा असतो की ओ.’ खरे आहे. फौंड्रीतले काम मी पाहिले आहे. तिथल्या उष्णतेत आठ तास काढलेल्या माणसाला घरी आल्यावर पाठ टेकावीशी वाटणारच, आणि त्याने अर्धा तास पाठ टेकावी. पण पॅकिंगच्या टेबलापाशी आठ तास उभी राहिलेली बाई थकत नाही असे कोणते शास्त्र सांगते? एकाला थकवा आल्यावर खुर्ची मिळते आणि दुसरीला चूल, हा न्याय नव्हे. याला देवाने घालून दिलेला क्रम म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी जे ‘आमोरिस लेतित्सिया’ हे पत्र लिहिले त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले आहे की घरकामात आणि मुलांच्या संगोपनात भाग घेतल्याने पुरुषाचे पुरुषपण कमी होत नाही आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. पुरुषांच्या संघाच्या सभेत हा परिच्छेद वाचून दाखवावा असा माझा विचार आहे.

मी मोठी क्रांती मागत नाही. एक काम पूर्णपणे बापाचे ठरवावे, मदत म्हणून नव्हे. मदत ही सांगितल्यावर करायची असते आणि सांगणे हेही एक कामच असते. मुलांची आंघोळ आणि हातपाय धुणे हे बापाचे. किंवा धाकट्याला जेवायला बसवणे बापाचे. किंवा रात्रीची भांडी आणि उद्याच्या डब्याची तयारी बापाची. ते काम बाईने आठवण न करता झाले पाहिजे, आणि ते आपल्या पद्धतीने झाले नाही तरी बाईनेही नाके मुरडू नयेत. पातेल्याला थोडी काजळी राहिली तर राहू द्या. सासूबाईंनी ‘माझ्या लेकाला भांडी घासायला लावते’ असे म्हणू नये. लेकाला हात देवानेच दिले आहेत. आणि जे बंधू कामावरून थेट घरी न येता वाटेत एक-दोन तास ‘बसून’ येतात, त्यांच्या घरचा संध्याकाळचा प्रश्न खिचडीने सुटणार नाही. त्यांनी मला वेगळे भेटावे.

आता मोबाईल. कोणी कोणाला दोष देत बसण्याची ही गोष्ट नाही. आईचे दोन्ही हात पिठात असतात, पोर रडत असते, आणि हाताशी एक जादूची पाटी असते जी दाखवताच पोर गप्प होते. मोह समजण्यासारखा आहे. पण ती पाटी जेवणाच्या ताटापाशी आली की बिघडते. चित्रे पाहत पोर तोंड उघडते, घास जातो, त्याला ना चव कळते ना पोट भरल्याचे कळते. काही महिन्यांत असे होते की पाटीवाचून तोंडच उघडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालील मुलांसाठी सूचना दिल्या. त्यांत वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा मुळीच दाखवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात तासापेक्षा अधिक नको, कमी असेल तितके बरे, असे सांगितले आहे. माझा आग्रह एवढाच की तो तासही जेवणाच्या वेळी नको. आणि हा नियम पोराला लावायचा तर ताटाजवळ बापाचाही मोबाईल नको. स्वयंपाक चालू असताना तीन वर्षांच्या पोराला ओट्याखाली बसवून लसूण सोलायला, वाटाणे सोलायला, कोथिंबीर निवडायला द्या. निम्मे सांडेल. पण ते गप्प राहील, आणि स्वतः सोललेला वाटाणा पोर खाते हा अनुभव कोणतीही आई सांगेल.

‘जेवतच नाही’ या तक्रारीविषयी डॉक्टर मंडळी जे सांगतात ते आयांनी ऐकले तर त्यांच्या जिवाची पुष्कळ घालमेल वाचेल. बाळाचे वजन पहिल्या वर्षात जन्माच्या तिप्पट होते, आणि दुसऱ्या वर्षात अवघे दोन-अडीच किलो वाढते. वाढ मंदावली की भूकही मंदावते. हे निसर्गाचे काम आहे, रोग नव्हे. पोट लहान असते म्हणून ते थोडे खाते आणि वारंवार खाते. अमेरिकेतील एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी यासाठी एक सोपी वाटणी सांगितली आहे: काय, केव्हा आणि कुठे जेवायचे हे आईबापांनी ठरवायचे, खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आपण नेमके उलट करतो. काय खायचे ते मुलाला विचारतो आणि किती खायचे ते त्याच्या नाकावर बोट ठेवून ठरवतो. काऊचिऊच्या घासाने भरवण्यात जो लाड आहे तो मला ठाऊक आहे आणि तो खुशाल करावा, पण गाल दाबून, धमकावून, मारून भरवलेला घास अंगी लागत नाही. नवी भाजी एकदा थुंकली म्हणून ती सोडूही नये. आठ-दहा, कधी पंधरा वेळा चमचाभर वाढावी लागते, तेव्हा जीभ तिला ओळखू लागते. अंगणवाडीच्या कार्डावरील वजनाची रेघ वर जात असेल तर काळजी नको. ती सपाट झाली, खाली वळली, किंवा पोर फिकट आणि मलूल दिसू लागले, तर मात्र शेजारणीचा सल्ला न घेता डॉक्टरांकडे जावे.

झोपेबद्दल दोन शब्द. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची धरून दहा ते तेरा तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास. शाळेची गाडी सातला दारात येत असेल तर मूल सहाला उठणार, म्हणजे नऊला ते झोपलेच पाहिजे. साडेदहापर्यंत मालिका पाहणाऱ्या घरात हे कसे जमावे? केजीच्या मुलांना रात्री लेखनाचा अभ्यास देणाऱ्या शाळांविषयी मी इथे अधिक लिहीत नाही, कारण लिहिले तर पान पुरणार नाही.

यातच तेर्सचा प्रश्न येतो, आणि तो मी टाळला तर वाचक म्हणतील की फादरांनी स्वतःचे अंगण झाडले नाही. पुष्कळ घरांत जेवणाआधी, आठ वाजता, पाचही दशके आणि लितानी होते. मोठ्यांसाठी ठीक. पण भुकेने कळवळणारे चार वर्षांचे पोर गुडघ्यावर बसवून, पेंगले की चापट मारून म्हणवून घेतलेल्या प्रार्थनेची त्याच्या मनात कोणती आठवण राहील? माझे मत स्पष्ट आहे. आधी लहानांना जेवू घालावे. मग सगळ्यांनी मिळून एक दशक, पाच मिनिटे, मुलांच्या आवाजात. मग मुले झोपतील आणि मोठ्यांनी उरलेली तेर्स शांतपणे करावी. वाड्यावाड्यांतील आठ वाजताच्या बैठकांचेही तेच. ज्या घरात लहान मुले आहेत त्या घराच्या दृष्टीने ती सर्वांत गैरसोयीची वेळ आहे, आणि या बैठका रविवारी दुपारी घ्याव्यात असे मी पॅरिश मंडळापुढे मांडणार आहे. काही ज्येष्ठांना हे पटणार नाही. चर्चा होऊ द्या.

परसबागेचे थोडक्यात सांगतो, कारण संध्याकाळच्या स्वयंपाकाशी तिचा संबंध सरळ आहे. बाजारात जायला वेळ नसतो म्हणून पालेभाजी ताटातून जाते. मागच्या दारी दोन हात रुंद आणि पाच-सहा हात लांब वाफा केला, त्यात लाल माठ फेकून पेरला, तर महिन्याभरात पहिली काढणी होते. दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरत गेले की कधी खंड पडत नाही. शेवग्याचे एक झाड पुरे. पीकेएम-१ जातीचे बी लावले तर सहा-सात महिन्यांत शेंगा धरतात आणि पाला त्याही आधी मिळतो. मूठभर पाला खिचडीत टाकला की निवडण्या-चिरण्याचेही फारसे काम नाही. झाड उंच जाऊ देऊ नये, छाटत राहावे, म्हणजे म्हातारीच्याही हाताशी राहते. एक लिंबू, एक कढीपत्ता आणि आठ-दहा गावठी कोंबड्या असल्या तर संध्याकाळी ‘आज काय करू?’ हा प्रश्न निम्मा सुटतो. भांडी धुतलेले पाणी केळीला सोडावे.

राहिली गोष्ट शेतावर मजुरीला जाणाऱ्या आयांची. त्यांना वरचे बरेचसे सल्ले लागू पडत नाहीत, कारण त्यांचा वेळ त्यांच्या हाती नसतो. लावणीत आणि सुगीत त्या अंधार पडल्यावर घरी येतात, आणि अंगणवाडी तर दुपारीच सुटलेली असते. त्यांची मुले पाचपासून आठपर्यंत कोणाच्या तरी ओट्यावर बसून असतात. आपल्या धर्मग्रामात जमीनदार फार नाहीत, पण सुगीला दहा-पंधरा बायका कामावर लावणारी घरे आहेत, आणि ती रविवारी पुढच्या बाकांवर बसतात. त्यांना माझी विनंती आहे की ज्यांची मुले पाच वर्षांखालील आहेत त्या बायकांना साडेपाचऐवजी पाचला सोडावे आणि त्या अर्ध्या तासाची मजुरी कापू नये. शेताच्या बांधावर सावलीत एका वयस्क बाईला मुलांजवळ बसवून तिला दिवसाची मजुरी द्यावी, आणि चार वाजता त्या मुलांना उकडलेली रताळी किंवा अंडे द्यावे. दहा-बारा पोरांना पायलीभर रताळी पुष्कळ झाली. यंदाची भातकापणी सुरू होण्यापूर्वी ज्यांना हे करायचे आहे त्यांनी मिस्सेनंतर मला भेटावे. मुलांजवळ बसायला तयार असलेल्या तीन आजीबाईंनी माझ्याकडे नावे दिली आहेत.